दार न ठोठावता

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. लग्नानंतर, पदरात लहान मूल असताना बी.एड. केले. तेव्हा किशोरवयीन मुलांच्या मानसशास्त्रावर चार पाने उत्तर लिहून चांगले गुणही मिळवले होते. पण माझी स्वतःची मुलगी सतरा वर्षांची झाली तेव्हा त्या चार पानांतले एक वाक्यही माझ्या उपयोगी पडले नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या नकळत तिचा मोबाइल वाचला. एकदा नव्हे, सलग तीन आठवडे. ही गोष्ट मी घराबाहेर कुणालाच सांगितलेली नाही. आज लिहिते आहे, कारण त्या तीन आठवड्यांची किंमत मी किंवा माझ्या मुलीने नव्हे, तिसऱ्याच एका मुलीने मोजली.

त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक ना एक संदेश यायचा. आपल्या मुली हातातून चालल्या आहेत, त्यांना फूस लावली जात आहे, त्यांच्या मोबाइलवर नजर ठेवा. कुठल्या गावची मुलगी, कुणाच्या घरची, याचा पत्ता कधीच नसे. ऐकीव गोष्टीची शहानिशा करावी, हे सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीच्या आधारे मी वर्गात कितीदा समजावले असेल! पण घरी मुलगी मोबाइलकडे पाहून हसली की माझ्या पोटात गोळा येई. तिचे अब्बा नोकरीनिमित्त सौदीला. उद्या काही झाले तर सगळे मलाच विचारणार, आई असून तुझे लक्ष कुठे होते?

एका ओळखीच्या बाईने मोबाइलच्या दुकानातला मुलगा सुचवला. तो एक ॲप टाकून देतो, म्हणाली. त्याचे चिन्ह पडद्यावर दिसत नाही, मुलीचे सगळे संदेश आणि ती कुठे आहे ते आपल्याला कळते. त्यासाठी फोनमधली सुरक्षेची सोय बंद करावी लागते हे ऐकून मी घाबरले आणि तो नाद सोडला. पुढे वाचनात आले की अशा ॲपमध्ये मुलीचे संदेश आधी त्या कंपनीकडे जातात आणि मग आईकडे येतात. पोलंडमधल्या ‘लेटमीस्पाय’ नावाच्या अशाच एका ॲपची माहिती 2023च्या जूनमध्ये चोरीला गेली आणि त्याच वर्षी ते बंद पडले. म्हणजे लेकीच्या अब्रूच्या काळजीने तिची सगळी चिठ्ठीचपाटी परक्याच्या कपाटात नेऊन ठेवायची.

मी ॲप टाकले नाही, पण जे केले ते काही वेगळे नव्हते. ती न्हाणीघरात असताना तिचे व्हॉट्सॲप माझ्या जुन्या मोबाइलला जोडले. 2020च्या टाळेबंदीत मी ज्यावर ऑनलाइन तास घेतले, तोच मोबाइल. तिच्या फोनचा पासवर्ड मला ठाऊक होता, कारण तो तिनेच मला विश्वासाने सांगितला होता. जोडलेल्या उपकरणांची यादी तिच्या फोनवर दिसते, पण ती उघडून कोण पाहते? त्या रात्रीपासून इशाची नमाज झाली की मी कपाटातून तो मोबाइल काढायची आणि वाचत बसायची.

काय सापडले? रसायनशास्त्राच्या वह्यांचे फोटो. मैत्रिणींची थट्टा. एका वर्गमित्राने विचारलेले प्रश्न आणि तिने दिलेली नीट, मोजकी उत्तरे. माझ्याविषयीही एक वाक्य होते, अम्मी हल्ली लवकर चिडते. मला हायसे वाटले. तिथेच थांबायला हवे होते. पण या वाचण्याची सवय लागते. कधी काही सापडले नाही तर जरा चुकल्यासारखेही वाटते, हे लिहायला मला लाज वाटते.

दुसऱ्या आठवड्यात एका मैत्रिणीचे संदेश सुरू झाले. ही मुलगी आठवीत माझ्याच वर्गात होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे. तिला अठरा पूर्ण व्हायला वर्षभर अवकाश होता. घरच्यांनी तिचे लग्न ठरवत आणले होते, बारावीच्या परीक्षेआधीच निकाह उरकायचा बेत होता. तिने माझ्या मुलीला लिहिले होते, कुणाला सांगू नकोस, पण मी काय करू ते सांग.

2006च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीचे वय अठरा असावे लागते, हे मी पालकसभेत सांगत आले आहे. मुलांच्या मदतीसाठी असलेला 1098 हा क्रमांक मी मुलींना पाठ करून घेते. त्या मुलीची आई मला मान देणारी, रस्त्यात भेटली तरी पदर सावरून ‘टीचर’ म्हणणारी बाई. एरवी मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले असते. पण जाऊन सांगणार काय? मला कसे कळले, हे कुणी विचारले तर? मुलीला कळले तर? मी आठ दिवस गप्प बसले. रोज रात्री त्या पोरीचे संदेश वाचायचे आणि सकाळी शाळेत जाऊन हजेरी घ्यायची. नवव्या दिवशी संदेश आला, आज मंगनी झाली.

त्या रात्री मी जुना मोबाइल मुलीच्या पुढ्यात ठेवला आणि सगळे सांगून टाकले. ती ओरडली नाही. बराच वेळ त्या मोबाइलकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अम्मी, मैं तुमना बोलनेच वाली थी. उसकू मनवा रही थी, के टीचरकू बोलेंगे.”

तिला मैत्रिणीची परवानगी हवी होती. त्या परवानगीसाठी ती आठ दिवस थांबली होती. मी परवानगीवाचून सगळे जाणून बसले होते आणि तरीही काही करू शकले नव्हते. सकाळी मी त्यांच्या घरी निघाले तेव्हाही तिने अडवले, “पहिले उसकू पूछने देव.”

विचारले, तिने हो म्हटले, मग आम्ही दोघी गेलो. चार वेळा जावे लागले. मंगनीच्या आधी ‘मुलगी लहान आहे’ एवढ्यावर विषय मिटला असता. आता दोन घरांच्या इज्जतीचा प्रश्न झाला होता. अखेर ती अठरा वर्षांची होईपर्यंत निकाह पुढे गेला. तिने बारावी दिली, चांगल्या गुणांनी पास झाली. पुढचे शिक्षण मात्र राहिले. ते आठ दिवस माझ्या हिशेबात लिहिलेले आहेत.

त्यानंतर मी सूरह हुजुरात पुन्हा उघडली. बाराव्या आयतीत आधी फार शंका घेण्याची मनाई आहे, मग दुसऱ्याचे छिद्र शोधण्याची आणि मग पाठीमागे निंदा करण्याची. हा क्रम मी याआधी कधी ध्यानात घेतला नव्हता. शंका आली की माणूस डोकावतो, आणि डोकावला की सापडलेले घेऊन हिंडतो. सूरह नूरमध्ये घरातल्या मुलांनी कोणत्या तीन वेळांना परवानगी घेऊन आत यावे ते सांगितले आहे आणि वयात आल्यावर त्यांनी नेहमीच परवानगी घ्यावी असे म्हटले आहे. हे मी मुलांना शिकवले. वयात आलेल्या मुलीच्या दारावर आईनेही थाप द्यावी, हे मात्र माझे मला सुचले नाही.

हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत वाजमध्ये सांगतात. रात्रीच्या गस्तीत त्यांना एका घरातून आवाज आला. भिंत चढून आत गेले तर एक माणूस दारू पीत होता. तो म्हणाला, माझा गुनाह एक, तुमचे तीन. तुम्ही टोह घेतलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता, सलाम न करता शिरलात. खलिफांनी आपली चूक मानली. एवढ्या मोठ्या माणसाला आपली चूक मानता येते. आपण मात्र ‘मी तुझ्या भल्यासाठीच केले’ म्हणून मोकळे होतो.

आणि मला तर हे आठवायला हवे होते. 2004 साली मी स्वतः बारावीत होते. घरी साधा फोन होता, त्याचे एक जोड यंत्र आतल्या खोलीत. मी मैत्रिणीशी बोलायला लागले की मध्येच ‘खट्’ असा बारीक आवाज यायचा. भाईजान ऐकताहेत हे मला कळायचे. मी काही वावगे बोलत नव्हते, पण त्या आवाजानंतर माझे बोलणे खोटे व्हायचे. पुढे खरेच अडचण आली तेव्हा मी भाईजानना सोडून बाकी सगळ्यांकडे गेले.

मोबाइल मुलांच्या हाती देऊन डोळे मिटावेत, असे मी म्हणत नाही. फसवणारे आहेत, फोटोवरून धमकावणारे आहेत. लहान मुलाच्या फोनवर बंधने हवीतच, पण ती त्याला सांगून घातलेली. जिवावर बेतण्याची वेळ आली तर फोन उघडावाही लागेल, तेव्हाही तोंडावर सांगून उघडावा. सांगून ठेवतो ती निगराणी, लपून करतो ती टेहळणी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो निकाल सरकारच्या संदर्भात होता, आईविरुद्ध कुणी कोर्टात जात नाही. म्हणूनच आईने जास्त जपायला हवे.

मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. आमचे बोलणे पूर्ववत झाले आहे. अडचण आली की ती मला सांगते, असे मला वाटते. पण मी खोलीत गेले की तिचा हात अजूनही मोबाइल पालथा करतो. मी काही म्हणत नाही. हल्ली मी उंबऱ्याबाहेर थांबून दारावर थाप देते. दार उघडेच असले, तरीही.