रक्त की सावली?

दिवाळे कोळीवाड्यातील एका घरात वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण जपून ठेवलेले आहे. त्यावर मुष्टियुद्धाचे कृष्णधवल छायाचित्र आहे. छायाचित्रातील पराभूत मुष्टियोद्धा हा त्या घरातला धाकटा मुलगा. कात्रण प्रथम हाती आले तेव्हा आईने त्याच्या डोळ्याखालील काळ्या डागावर बोट ठेवून विचारले होते, "रगत हाय का सावली?" मुलगा 'सावली' म्हणाला. ती काही बोलली नाही. मासळीची पाटी उचलून बाजाराला निघून गेली.

कृष्णधवल कलेतील मुष्टियुद्धाचा विचार या प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवा. रंग काढून घेतला की रक्त आणि अंधार एकाच शाईने छापावे लागतात. अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोज याने 'स्टॅग ॲट शार्कीज' हे तैलचित्र १९०९ मध्ये रंगविले आणि तोच प्रसंग १९१७ मध्ये शिळाछाप मुद्राचित्रात पुन्हा आणला. तैलचित्रातील तांबूसपणा इजा कोठे झाली हे निदान सांगतो. मुद्राचित्रात तो आधार उरत नाही. तेलकट खडूच्या ज्या काळेपणाने घाव सूचित होतो, त्याच काळेपणातून रिंगणाभोवतीची गर्दीही घडते. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी सार्वजनिक मुष्टियुद्धावर कायद्याचे निर्बंध होते; क्लबचे नावापुरते सभासद होऊन लोक ते पाहत. ही चोरटी नजर मुद्राचित्रात घावाच्याच द्रव्याची होते.

बेलोजच्या मुद्राचित्राला एकरंगीपणा माध्यमाने दिला होता. मार्टिन स्कोर्सेसीने 'रेजिंग बुल' (१९८०) मध्ये तो हेतुपुरस्सर निवडला. तेथे रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला गेला आणि पडद्यावर तो रक्तच वाटला.

कृष्णधवल रूपामुळे हिंसा सुसह्य आणि 'कलात्मक' होते, हा आक्षेप निराधार नाही. लाल रंगाचा धक्का गेला की रचनेकडे पाहण्याची सवड मिळते. मात्र हा दोष कृतीपेक्षा अनेकदा वाचनाचा असतो. समीक्षक 'छायाप्रकाशाचा तोल' म्हणून थांबतो, तेव्हा तोही त्या मुलाप्रमाणे 'सावली' एवढेच उत्तर देत असतो. मुलाच्या उत्तरामागे आईला जपण्याची माया होती. समीक्षकाच्या उत्तरामागे काय असते, हे त्याने स्वतःला विचारलेले बरे.

आईला ते उत्तर पटले नव्हते. तरीही कात्रण तिनेच जपून ठेवले आहे.