पहिला गिअर

मोटारगाडीविषयीं आपल्याकडे जें बोलणें चालतें तें बहुधा तीन गोष्टींपुरतें असतें : तिची किंमत, तिचा वेग, आणि एका लिटरांत ती किती किलोमीटर जाते. यांपैकीं शेवटच्या दोन गोष्टी ज्या लोखंडी पेटींत बऱ्याच अंशीं ठरतात, तिची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाहीं. घरांत मिळवत्या माणसाचें नांव होतें, खर्च करणाऱ्यांचीही चर्चा होते. पण दोहोंचा मेळ घालणारें जें माणूस स्वयंपाकघराच्या दाराआड असतें, त्याची आठवण तें आजारी पडल्यावरच व्हावयाची. गिअरच्या पेटीचें नशीब कांहींसें असेंच आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें आमच्या पुतण्यामुळें. जामनेरच्या आमच्या घरीं १९६८ सालची एक फियाट अकराशें डिलाईट आहे. ती आमच्या वडिलांनीं पुढें कांहीं वर्षांनीं जळगांवच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली आणि अजून ती चालते. हा पुतण्या यंत्रशास्त्र शिकून पुण्यास नोकरीला आहे. गेल्या दिवाळींत त्यानें आमच्यापुढें सूचना मांडली, "काका, हिची जुनी पेटी काढून टाकूं आणि नवी पांच गिअरची बसवूं. स्टिअरिंगवरचा हा दांडाही जाईल. तुम्हांलाच सोपें पडेल." सूचना प्रेमाची होती आणि अज्ञानाची तर मुळींच नव्हती. म्हणूनच तिचा विचार नीट करणें आम्हांस अवश्य वाटलें.

मुळांत मोटारीला गिअर लागतो कां, हाच पहिला प्रश्न. पाचोऱ्याहून शेंदुर्णी-पहूरवरून जामनेरास येणारी अरुंद मापाची आगगाडी आमच्या तालुक्यानें कित्येक पिढ्या पाहिली. तिच्या वाफेच्या इंजिनास गिअर नव्हता आणि त्याची जरूरही नव्हती. चाक उभें असलें तरी कोंडलेली वाफ दट्ट्यावर पुरा जोर लावूं शकते; पहिल्या फेऱ्यापासूनच गाडी ओढली जाते. पेट्रोलच्या इंजिनाचें तसें नाहीं. तें उभ्यानें कांहींच देत नाहीं. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे झाल्यावर त्याच्या अंगांत जोर येऊं लागतो आणि एका मर्यादेपलीकडे तो पुन्हां ओसरतो. इंजिनाला असें भरभर फिरावयाचें असतें, आणि फर्दापूरचा घाट चढणाऱ्या चाकाला तर हळू पण नेटानें फिरावयाचें असतें. या दोघांमध्यें लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या घालून वेग देऊन जोर विकत घ्यावयाचा, एवढाच गिअरचा व्यवहार. पहिल्या गिअरांत इंजिनाचे पुष्कळ फेरे होतात तेव्हां चाकाचा एक होतो. फियाटच्या चौथ्या गिअरांत पेटी कांहींच घट करीत नाहीं. मागच्या आंसाशीं जी ठरलेली घट होते तेवढीच उरते.

ही प्रमाणें कारखानदार एकदां ठरवितो आणि मग तीं अढळ राहतात, असा पुष्कळांचा समज असतो. पण एखादी नांवाजलेली मोटार तिच्या जन्मापासून अखेरपर्यंत पाहिली, तर या पेटीच्या बदलांत त्या काळच्या माणसांचा सारा स्वभाव उमटलेला दिसतो. इंग्लंडांतील जग्वारची ई-टाइप ही शर्यतीच्या घाटाची मोटार १९६१ च्या मार्चमध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. तिच्या रूपाची जगभर वाहवा झाली. पण तिची पेटी जुन्या वळणाची, चार गिअरांची होती, आणि त्यांतला पहिला गिअर गाडी चालू असतां बिनबोभाट पडत नसे. १९६४ सालीं मोठें ४.२ लिटरचें इंजिन आलें तेव्हां कारखान्यानें पेटीही नवी दिली आणि चारही गिअर सारखे सुलभ झाले. याहून मौजेची गोष्ट मागच्या आंसाची. हीच ४.२ लिटरची मोटार इंग्लंडांत बहुधा ३.०७ ला एक या प्रमाणानें जाई आणि अमेरिकेंत ३.५४ ला एक या प्रमाणानें. इंग्रजी गिऱ्हाइकाला लांब रस्त्यावर संथ आवाजांत दूर जावयाचें होतें, अमेरिकन गिऱ्हाइकाला दिवा हिरवा होतांच चटकन् पुढें निघावयाचें होतें. रूप तेंच, इंजिन तेंच. देशाचा स्वभाव बदलला तसे आंसाचे दाते बदलले.

जर्मनींतील पोर्शेच्या ९११ चा इतिहास तर याहून लांब आहे, कारण १९६३ सालीं फ्रँकफुर्टास दाखविलेल्या या मोटारीचा वंश अद्याप चालू आहे. तिच्या पहिल्या पांच गिअरांच्या पेटींत पहिला गिअर डावीकडे खालीं, एका कोपऱ्यांत असे. कारण शर्यतींत पहिला गिअर एकदांच लागतो. दुसरा-तिसरा मात्र वारंवार, म्हणून ती जोडी एका सरळ रेषेंत ठेवलेली. पण मोटारी घेणारे सगळेच शर्यतीस जात नाहींत. बहुतेकांना गांवांतल्या गर्दींत थांबत थांबतच जावें लागतें. १९७२ च्या नमुन्यापासून नवी पेटी आली, तींत पहिला गिअर नेहमींच्या जागीं वर आला आणि कोपरा पांचव्याच्या वांट्यास गेला. १९८७ सालीं आणखी एक पेटी आली. तिचा क्लच तेलाच्या दाबानें चालणारा आणि दांडा हातास हलका. २०११ सालीं गिअरांची संख्या सातावर गेली. या सर्व बदलांची दिशा एकच दिसते : शर्यतवाल्याच्या हातांतून दांडा हळूहळू सामान्य गृहस्थाच्या हातांत येत गेला.

या सुलभतेचें मूळ सिंक्रोमेश नांवाच्या युक्तींत आहे. अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत ती १९२८ सालीं प्रथम आली. दोन दंतचक्रें निरनिराळ्या वेगानें फिरत असतां त्यांची गांठ घातली तर दाते करकरतात. म्हणून गांठ पडण्यापूर्वीं एक पितळी कडें दुसऱ्या चक्राच्या निमुळत्या अंगावर घासून दोघांचा वेग सारखा करतें, आणि मगच दाते एकमेकांत शिरतात. ही युक्ति नव्हती तेव्हां हें काम माणसास पायानें व कानानें करावें लागे : क्लच दाबावयाचा, दांडा मध्यें आणावयाचा, क्लच सोडून इंजिनाला थोडा झटका द्यावयाचा, पुन्हां क्लच दाबून खालचा गिअर टाकावयाचा. ज्यास हें साधलें तो ड्रायव्हर.

आतां आमच्या फियाटकडे वळूं. इटलींत तुरीन येथें १९५३ सालीं अकराशें-१०३ हा नमुना निघाला. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून तो १९५४ पासून आपल्याकडे बाहेर पडूं लागला. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, गिअर चार, त्यांतला पहिला सिंक्रोमेशवांचून, आणि दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. दांडा वर ठेवण्याचें कारण साधें होतें : पुढची बैठक सबंध बांकासारखी असल्यामुळें तीन माणसें शेजारीं शेजारीं बसावींत. १९६४ पासून डिलाईट आली, १९७२ च्या सुमारास ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ सालीं तिचें नांव पद्मिनी पडलें. नांवें बदललीं, दर्शनी जाळ्या बदलल्या. पेटी मात्र बहुतांशीं तीच राहिली.

इकडे तुरीनला काय घडलें पाहा. १९६६ सालीं तेथें अकराशेंची शेवटची, आर नांवाची आवृत्ति निघाली. तींत दांडा खांबावरून उतरून जमिनीवर आला. १९६९ सालीं तीही बंद होऊन पुढील चाकांनीं ओढली जाणारी नवीच गाडी आली. म्हणजे मूळ घरीं जें तीन वर्षांत होत्याचें नव्हतें झालें, तें आपल्याकडे पुढें तीस वर्षें नांदलें. परवाने, आयातीचीं बंधनें, वर्षांत किती गाड्या काढावयाच्या यावरील सरकारी मर्यादा, आणि गाडीकरितां वर्षानुवर्षें नांव नोंदवून बसलेलीं गिऱ्हाइकें. अशा स्थितींत जो माल हातोहात जातो त्याची पेटी बदलण्याची निकड कोणास वाटणार? १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची लहान गाडी रस्त्यावर आली आणि निकड उत्पन्न झाली. १९८५ सालीं कुर्ल्याहूनच निस्सानचें इंजिन व जमिनीवरचा दांडा असलेली ११८ एनई निघाली. पद्मिनीसही अगदीं अखेरच्या वर्षांत जमिनीवरचा दांडा मिळाला. पण तोंवर तिची वेळ भरत आली होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली.

या न बदलण्यास कोणी आळस म्हणेल, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण दुसरी बाजूही आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. एकच पेटी इतकीं वर्षें राहिल्यामुळें पहूरचा वा शेंदुर्णीचा मिस्त्री ती न पाहतांहि खोलूं शके. वडिलांच्या वेळीं गाडी चालविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना आम्ही सारे आबा म्हणत असूं. त्यांचें शिक्षण दुसरी-तिसरीपलीकडे गेलें नव्हतें. पण कांग नदीच्या पुलावरून निघालेली गाडी अजिंठ्याच्या वरच्या अंगास पोहोंचेपर्यंत कोणत्या वळणावर कोणता गिअर, हें त्यांच्या हातास ठाऊक असे. "ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत उतरायचं, भाऊ," एवढें एकच सूत्र ते आम्हांस सांगत. इंजिनाकडूनच गाडीला आवरून धरण्याचें सारें शास्त्र त्यांत आलें.

पुतण्याचें म्हणणें मात्र भावनेनें उडवून लावण्यासारखें नाहीं. औरंगाबादेकडे, आतां छत्रपति संभाजीनगर म्हणावयाचें, जाणारा रस्ता आबांच्या वेळचा राहिला नाहीं. मोकळ्या सपाटीवर चौथ्या गिअरांत आमचें इंजिन सारा वेळ उंच स्वरांत ओरडत असतें. पांचव्या गिअरांत चाकाच्या त्याच वेगास इंजिनाचे फेरे कमी होतील, आवाज उतरेल, पेट्रोलही थोडें वांचेल. हा लाभ खरा आहे.

पण इटलीच्या त्या १९६६ च्या गाडींत दांडा खालीं आला, तेव्हां त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली होती : पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. हें आम्हीं पुतण्याच्या ध्यानीं आणून दिलें. आमच्या डिलाईटला चारही चाकांस जुने ड्रम ब्रेक आहेत. चार गिअरांच्या त्या गोंगाटांत एक प्रकारची ताकीद असते. सत्तरच्या पुढें गेलें कीं गाडी स्वतःच सांगते कीं आतां पुरे. पांचवा गिअर ही ताकीद बंद करील, पण थांबण्याची शक्ति तसूभरही वाढविणार नाहीं. पेटी ही एकटी बदलण्याची वस्तु नव्हे. ज्यांनीं ती आंखली त्यांनीं ती आंस, ब्रेक, कमानी या सर्वांशीं जुळवून आंखली होती. शिवाय केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील मोटारींस, त्या मूळ रूपांत असतील तर, वेगळी नोंदणी मिळूं शकते. चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा असें त्यांत म्हटलें आहे. पेटीचा त्यांत उल्लेख नाहीं; पण एकदां करवत चालली कीं ती कोठें थांबेल याचा भरंवसा नसतो. आणि तशी नोंदणी घेतली तर गाडी नित्याच्या वापरास काढतां येत नाहीं, हेंही खरें. म्हणजे जुनी वस्तु तिच्या स्वरूपांत राखावयाची तर तिला रोजच्या आयुष्यांतून निवृत्त करावें लागतें, आणि रोज वापरावयाची तर ती थोडी थोडी बदलावी लागते. हा पेंच केवळ मोटारींचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. घरें, ग्रंथ, भाषा, फार काय, आम्ही शिकवितों ते अभ्यासक्रमसुद्धां त्यांतच सांपडलेले आहेत.

पुतण्या सध्यां विजेच्या मोटारींच्या कामावर आहे. त्यानेंच आम्हांस सांगितलें कीं विजेची मोटर उभ्यानेंच पुरा जोर देते, म्हणून बहुतेक गाड्यांना एकच ठरलेली घट पुरते. अपवाद म्हणून पोर्शेच्याच टायकान या विजेच्या मोटारीस मागच्या आंसाला दोन गिअर आहेत. हें ऐकून आम्हांस आमच्या पाचोरा-जामनेर गाडीची आठवण झाली. वाफेला गिअर नको होता, विजेलाही तो जवळजवळ नको आहे. मधल्या शंभर-सव्वाशें वर्षांत मात्र पेट्रोलला तो हवा होता, आणि तेवढ्या अवधींत माणसाच्या हातानें, पायानें व कानानें एक नाजूक विद्या कमावली. ती विद्या आणखी एका पिढींत कोणास ठाऊकही असणार नाहीं. तिचा शोक करावा असें आम्ही म्हणत नाहीं. बैल न पिटाळतां विहिरीचें पाणी वर येतें म्हणून कोणी रडत नाहीं. पण ज्याच्या घरीं ती अजून जिवंत आहे, त्यानें ती पुढच्याच्या हातीं द्यावी एवढें तरी कर्तव्य उरतेंच.

तेव्हां आमचा निर्णय असा झाला कीं पेटी आहे तीच राहील. ब्रेकांचे लायनर नवे टाकावयाचे, तेलगळती थांबवावयाची, आणि वेग सत्तरच्या आंत ठेवावयाचा. पुतण्यानें तो मान्य केला. पण एका अटीवर. गाडी थांबूं न देतां पहिला गिअर आवाज न होतां कसा पाडावा, हें त्याला शिकविलें पाहिजे. यंत्रशास्त्राची पदवी घेतलेल्या त्या मुलास हें अद्याप साधलेलें नाहीं. येत्या उन्हाळ्याच्या सुटींत साधेल असें दिसतें.