अम्मीचा कागद

अम्मीला काचबिंदू आहे. या आजारात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधाने सांभाळायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी तिच्या आठवणी लिहून घेत होतो. ती घरातल्या दखनीत बोलायची आणि मी मराठीत लिहायचो. तिची शाळा उर्दूची, निजामाच्या अमदानीतली, चौथीपर्यंतची. मराठी ती आमच्या पाट्यांवरून शिकली. आजही एकेक अक्षर जोडून वाचते.

आमचे घर मस्तगडात. गढीच्या फारसी शिलालेखात १७२५ हे साल आहे. गढीत एक मोठी विहीर आहे, तिच्या पोटात सज्जे आणि खोल्या आहेत. अम्मीची पहिली आठवण तिथलीच.

बहीण सकाळच्या गाडीने तिला परभणीला नेणार होती. आदल्या रात्री इशानंतर अम्मी म्हणाली, "बेटा, मेरा कागद कब निकलता रे? मशीन के काच पे मेरेकू नै दिसता." मोठ्या टायपात तीन पाने तयार होती. फक्त छापायची होती.

आमचा संगणक जुना. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची देखभाल थांबली. नवा घेणे माझ्या पेन्शनीत बसणारे नव्हते, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिले. शाईच्या प्रिंटरवर एक नमुना-पान काढून दाखवले आणि तो पुण्याला गेला. त्यानंतर मी काढलेल्या पहिल्याच पानाला कागद अडकला. मी घाबरून यूएसबीची केबल उपटली. आता त्या घटनेला दीड महिना झाला होता.

मी छापण्याचा हुकूम दिला. काही झाले नाही. पुन्हा दिला. असा पाच वेळा दिला. शेवटी भाच्याला फोन केला.

"मामू, हुकूम देत बसू नका. मशीनला विचारा," तो म्हणाला. त्याने एक शब्द टाइप करायला लावला, 'एलएसयूएसबी'. पडद्यावर यादी आली. तिच्यात प्रिंटरचे नाव होते. म्हणजे केबल ठीक, वीज ठीक, संगणकाला प्रिंटर दिसतो आहे. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे ६३१ हा आकडा. तिथे लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या 'कप्स'चे पान उघडते. प्रिंटरच्या नावापुढे लिहिले होते: थांबवलेला. मी केबल उपटली तेव्हाच रांग थांबली होती, आणि माझी पाच कामे तिच्यात मुकाट उभी होती. इतके दिवस बिचारा प्रिंटर नादुरुस्त म्हणून मी त्याला शिव्या घालत होतो.

रांग सुरू करायला गेलो तर परवानगी नाकारली. छपाईची व्यवस्था बघणाऱ्यांचा एक गट असतो, 'एलपीअॅडमिन', आणि त्यात माझे नाव नव्हते. समोर असूनही यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे आमच्या मोहल्ल्याला समजावून सांगावे लागत नाही. भाच्याने स्वतःच्या खात्यातून एक ओळ टाइप करायला लावून माझे नाव त्या गटात घातले. मग मला एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायचे होते.

संगणक सावकाश उघडेपर्यंत त्याने एक किस्सा ऐकवला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत लेझर प्रिंटरचा कागद सारखा अडकायचा. कागद अडकला की ज्यांची कामे रांगेत आहेत त्यांना कळावे, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. पण प्रोग्रॅमची मूळ संहिता त्यांना कोणी दिली नाही. १९८३ मध्ये त्यांनी सर्वांसाठी मोकळी अशी 'ग्नू' प्रणाली जाहीर केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले आणि दोन्ही जुळले. "म्हणजे मामू, हे सगळं अडकलेल्या कागदावरूनच सुरू झालं!" मला बरे वाटले. कागद अडकलेला मी एकटाच नव्हतो.

"आता आधी चार कामे रद्द करा, नाहीतर पंधरा पाने निघतील." केली. रांग सुरू केली. प्रिंटर खडखडला आणि कोरे पान बाहेर आले.

हे मात्र लिनक्सचे काम नव्हते. बरेच दिवस वापर नसला की बारीक छिद्रांत शाई सुकते. आमच्या प्रिंटरच्या कार्ट्रिजलाच छपाईचे डोके जोडलेले आहे. ते काढून कोमट पाण्यात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर हलकेच टेकवले. फडक्यावर काळा डाग उमटला. कार्ट्रिज पुसून परत बसवले, दोनदा सफाई चालवली आणि पुन्हा हुकूम दिला, या वेळी एकदाच. पहिल्या ओळी फिकट आल्या, मग काळ्या होत गेल्या.

फजरनंतर अम्मी खिडकीपाशी पाने घेऊन बसली. पान डोळ्यांजवळ धरून, ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. बहीण रिक्षा घेऊन आली तरी ती पहिल्याच पानावर होती.

"विहीर?" तिने वर पाहिले. "मैं ऐसा कब बोली? बावडी बोली थी मैं."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी संगणक पुन्हा सुरू केला.