विशेषणं नकोत, क्रियापदं लिहा

मी एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलात मराठी शिकवतो. वीस वर्षं झाली. आठवीच्या मुलांना विशेषण म्हणजे काय आणि क्रियापद म्हणजे काय, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकेन. पण या दोहोंतला खरा फरक मला पंचेचाळिसाव्या वर्षी पुण्यातल्या एका प्रशिक्षणात कळला, आणि ते प्रशिक्षण व्याकरणाचं नव्हतं.

एका संस्थेनं पाच दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. दिव्यांग व्यक्तींना नोकरी कशी शोधून द्यायची, कामावर टिकवायचं कसं, हा विषय. शाळेतून एका शिक्षकाला पाठवायचं होतं. ज्येष्ठांपैकी कुणी तयार होईना, म्हणून माझं नाव गेलं. मी हो म्हणालो त्याला मात्र घरचं कारण होतं. माझ्या आपाचा मुलगा, माझा भाचा. वय तेवीस. जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. मोहल्ल्यात त्याला सगळे 'भोला' म्हणतात. बायका म्हणतात, अल्लामियाँ की गाय है बिचारा. प्रेमानंच म्हणतात. पण गायीला नोकरी कोण देतं?

बी.एड. करताना 'विशेष गरजा असलेली मुले' असं एक प्रकरण होतं. मी ते पाठ करून दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं, हे त्या प्रकरणात नव्हतं.

सोलापूरहून पहाटेची हुतात्मा पकडून गेलो. हॉलमध्ये तीसेक माणसं. विशेष शाळांचे शिक्षक, दोन-तीन आयटीआयचे निदेशक, काही आई-वडील, एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागातली एक तरुण मुलगी. प्रशिक्षक बाई पन्नाशीच्या. पंचवीस वर्षं हेच काम केलेल्या.

पहिल्या दिवशी कायदा झाला. तो थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं आणि सरकारी नोकरीत ३ टक्के जागा राखीव. त्या तीन टक्क्यांत दृष्टी, श्रवण आणि हातापायांचं अपंगत्व एवढंच. माझ्या भाच्यासारख्यांसाठी त्यात काहीच नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं प्रकार एकवीस केले, आरक्षण ४ टक्के केलं. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र हवं. आता ते आणि यूडीआयडी कार्ड एकाच प्रक्रियेतून निघतं.

आपल्या मोहल्ल्यांत हे कार्ड किती जणांकडे आहे, जरा विचारून पाहा. माझ्या भाच्याचं आम्ही तो एकवीस वर्षांचा झाल्यावर काढलं. आधी का नाही काढलं? त्याच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. घरात असा मुलगा आहे हे सरकारी कागदावर यायला नको. सांगायला लाज वाटते, पण हा सल्ला मीच आपाला दिला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक खेळ घेतला. त्या कारखान्याच्या मालक, आम्ही एकेकानं जाऊन उमेदवारासाठी काम मागायचं. मला वाटलं, हे तर मला येतं. दोन वर्षांपूर्वी भाच्याला मी एका ओळखीच्या दुकानात ठेवलंच होतं. रमजानचा महिना होता, दुकानदार दीनदार. मी खुर्चीत बसलो आणि तेच बोललो जे तेव्हा बोललो होतो. साहेब, मुलगा फार साधा आहे, घरची परिस्थिती बेताची, तुम्हाला सवाब मिळेल.

बाईंनी पर्स उघडली, शंभराची नोट काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "घ्या. झालं ना काम?"

हॉल हसला. मीही हसलो. पण कान तापले होते. कारण त्या दुकानात नेमकं हेच झालं होतं. दुकानदारानं भाच्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. काम काहीच दिलं नाही, शनिवारी पाचशे रुपये मात्र न चुकता द्यायचा. तीन आठवड्यांनी भाच्यानं जायचंच बंद केलं. आम्ही सगळे म्हणालो, बघा, याला जमत नाही. त्याला तिथं जमण्यासारखं काही दिलंच नव्हतं, हे मला त्या नोटेकडे बघताना कळलं. मी काम मागायला गेलोच नव्हतो. मी जकात मागायला गेलो होतो.

बाई म्हणाल्या, मालकाकडे मुलाची अडचण घेऊन जाऊ नका. मालकाची अडचण काय आहे ते आधी बघून या.

मग त्यांनी त्या दिवसाचा गृहपाठ दिला. तुमच्या ओळखीची एक दिव्यांग व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. ती दिवसभरात काय करते ते लिहा. "विशेषणं नकोत. साधा, भोळा, हट्टी, गरीब, प्रेमळ, काही नको. क्रियापदं लिहा."

रात्री मुक्कामाच्या खोलीत मी वही उघडली आणि अर्धा तास एक ओळ लिहिता आली नाही. तेवीस वर्षांच्या भाच्याबद्दल माझ्याकडे नुसती विशेषणं होती. शेवटी आपाला फोन लावला. ती म्हणाली, "क्या करता बोले तो? कुछ नै करता. खाता, सोता, मस्जिद कू जाता." मस्जिदमध्ये काय करतो? "वो चप्पलां जमाता ना."

चपला! दर जुम्म्याला आमच्या मशिदीच्या दारात दोनशे-अडीचशे जोड पडलेले असतात, एकावर एक. हा मुलगा पायऱ्यांशी बसून त्यांच्या जोड्या लावतो. रांगेत, टाचा भिंतीकडे. काळ्या सँडलच्या वीस सारख्या जोड्या असल्या तरी डावी-उजवी चुकत नाही. हे मी किमान दहा वर्षं बघत होतो. लोक म्हणायचे, सवाबचं काम करतो. मीही तसंच म्हणायचो. मी वहीत लिहिलं: ओळखतो. जुळवतो. लावतो. न सांगता पूर्ण करतो.

तिसऱ्या दिवशी बाईंनी मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकाबद्दल सांगितलं. १९७० च्या दशकात त्यानं तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. पंधरा सुट्या भागांचा ब्रेक, जो तुम्हा-आम्हाला बघूनही जोडता येणार नाही. त्याच्या पद्धतीचं नावच 'ट्राय अनदर वे'. शिकणाऱ्याला येत नसेल तर शिकवणाऱ्यानं दुसरी रीत शोधावी. काम लहान लहान पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरी हातानं दाखवायची, बोलायचं कमी. आम्हाला टॉवेलची घडी घालायच्या पायऱ्या लिहायला सांगितल्या. मी चार लिहिल्या. बाईंनी त्या चार पायऱ्या शब्दशः पाळल्या आणि टॉवेलचं बोचकं झालं. शेवटी सतरा पायऱ्या निघाल्या. मास्तर लोक बोलतात फार, हा शेरा त्यांनी माझ्याकडे बघून मारला असावा.

आणखी एक गोष्ट पटली. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे आधी शिकवा, मग कामाला लावा. त्यामुळे मुलं वर्षानुवर्षं मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या करत राहतात आणि ते 'मग' काही येत नाही. नवी रीत उलटी. आधी खऱ्या जागेवर, खऱ्या पगारावर लावा, आणि तिथंच शिकवा. सोबत काही दिवस एक माणूस जातो, आणि पहिल्या दिवसापासून त्यानं निघून जायची तयारी करायची असते. शिकवलेलं तपासायला, आठवण द्यायला तिथलेच सहकारी तयार झाले पाहिजेत.

हे ऐकताना मला हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) आठवले. सूरह अबसचा संदर्भ आपण मुलांना सांगतो, तेच नेत्रहीन सहाबी. आपण तो प्रसंग सांगतो आणि थांबतो. पण पैगंबर (स.) यांनी त्यांना मुअज्जिन नेमलं होतं, आणि स्वतः मोहिमेवर जाताना मदिन्यात आपल्या जागी ठेवलं होतं. फज्रची अजान द्यायची तर पहाट फुटलेली दिसायला हवी, आणि यांना तर दिसत नव्हतं. हदीसमध्ये येतं की लोक त्यांना सांगायचे, सकाळ झाली, मग ते अजान द्यायचे. काम त्यांचं, आवाज त्यांचा. फक्त पहाट बघायचं काम शेजारच्यांनी केलं. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात. मी तीन पानांची टिपणं काढली होती, पण ही कल्पना मला अशी समजली.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात गेलो. मालक पद्मशाली, वडिलांपासूनचा धंदा. यावेळी मुलाचं नावच काढलं नाही. एक दिवस पॅकिंग बघू द्या म्हणालो. नॅपकिनांचे ढीग यायचे, रंग आणि आकार मिसळलेले. पॅकिंगच्या बायका हातातलं काम थांबवून आधी निवडत बसायच्या. संध्याकाळी शेठना म्हणालो, निवडायला वेगळा माणूस बसवला तर या बायकांचा किती वेळ वाचेल? ते म्हणाले, माणूस आहे का? पंधरा दिवस मी सोबत येईन, नाही जमलं तर मीच घेऊन जाईन, एवढं ठरलं. दर मात्र बायकांना जो आहे तोच. यावर मी अडून बसलो, कारण १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच दिव्यांग कामगारांना वगळायची मुभा सरकारला दिलेली होती, हे शिबिरात ऐकलं होतं. मालकाला कोण काय म्हणणार?

आपा भडकली. "उसकू कायकू तकलीफ देता रे तू? घर में खाने कू नै क्या?" खाण्याचा प्रश्न नव्हता. तिच्यानंतर काय, हा होता, आणि तो आम्ही दोघंही मोठ्यानं बोलत नव्हतो.

निवडणं त्याला तासाभरात जमलं. अडलं मोजण्याशी. डझनाचा गठ्ठा करायचा आणि त्याला पाचाच्या पुढं मोजता येत नाही. दोन दिवस मी मास्तरकी केली, एक, दोन, तीन. मग शरम वाटून थांबलो आणि एका जुन्या प्लायवर बारा चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात एक नॅपकिन. चौकोन भरले की डझन झालं. तिसऱ्या दिवशी बाजूच्या मावशींनी स्वतःसाठीही तसाच एक प्लाय मागितला.

दुसरी अडचण अजानची. अजान कानावर आली की हातातलं टाकून हा मशिदीकडे निघायचा. मी समजावून थकलो. त्या मावशी फक्त हात वर करून म्हणायच्या, "हे भरून जा रे बाळा." तो भरून जायचा. मावशी तेलुगू बोलणाऱ्या, मराठी बेताचं, हा दखनी बोलणारा. दोघांचं काय आणि कसं जमलं, मला अजून कळलेलं नाही.

अकराव्या दिवशी ठरवल्याप्रमाणे मी लवकर निघालो. दुपारी वीज गेली. माग एकदम थांबले, अंधार झाला, आणि हा घाबरून बाहेर पडला. शेठचा फोन आला तेव्हा मी घरी जेवत होतो. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात दीड तास आम्ही त्याला शोधलं. आमच्या मशिदीच्या पायरीवर बसलेला सापडला, अनवाणी. तळपायाला फोड. आपा मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवस तो घरी. मी पुण्याला बाईंना फोन केला, मला वाटलं सांत्वन करतील. त्यांनी विचारलं, "वीज गेल्यावर काय करायचं, ही पायरी तुम्ही लिहिली होती का?" नव्हती लिहिली. नवव्या दिवशी सकाळी त्यानं आपाकडे डबा मागितला. तिनं दिला नाही. दुपारपर्यंत तो रिकामा डबा मांडीवर घेऊन दारात बसून होता. दुसऱ्या दिवशी तिनं डबा भरला, आणि स्वतः सोबत आली. आता वीज गेली की मावशी त्याच्या शेजारी येऊन बसतात. खिशात माझ्या नंबरचं कार्ड असतं. आपा अजून रोज दुपारी फोन करून विचारते, लाइट है क्या?

पाच महिने झाले. चार तासांचं काम आहे. पैसे त्याच्या हाती कसे द्यायचे, खात्यावर सही कोण करणार, पालकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा की त्याचं त्याला जमेल तेवढं करू द्यावं, यावर आपाचं आणि माझं अजून एकमत नाही.

गेल्या जुम्म्याला तो खुतब्याच्या वेळी धावत आला, मागच्या सफमध्ये उभा राहिला आणि सलाम फिरवल्याबरोबर उठला. दारात चपलांचा ढीग तसाच. मी म्हणालो, "अरे, चप्पलां?"

"मामू, टाइम नै," म्हणाला आणि निघाला.

मागं सगळी जमात आपापल्या चपला शोधत होती. माझी एक पायरीखाली सापडली, दुसरी नळापाशी.