लय कोणाची?

नवजात बालकांच्या मस्तकावर लीड लावण्याचे काम मी आता स्वतःच्या हाताने करीत नाही. उजव्या हाताच्या बोटांची टोके बधिर होत चालली, टाळूची कड आणि कवटीचा सांधा यांतला फरक स्पर्शाला कळेनासा झाला, तेव्हा ते काम मी माझ्या विद्यार्थिनीच्या स्वाधीन केले आणि स्वतः पडद्यासमोर बसू लागलो. डोळे शाबूत असल्यामुळे विद्याही शाबूत आहे असे माझे स्नेही म्हणतात. आणि वस्तुतः मीही सारी कारकीर्द याच समजुतीत घालविली होती की ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाच्या, कामात हात हा चाकर आणि डोळा हा धनी होय. परंतु दुसऱ्याच्या बोटांनी उभा केलेला आलेख वाचू लागल्यापासून, पूर्वी ज्या प्रश्नाचा निकाल मी क्षणात देत असे, त्याच प्रश्नापाशी मी वारंवार अडतो. समोर चाललेली ही लय कोणाची, हा तो प्रश्न.

डाव्या मध्यवर्ती लीडखाली सेकंदाला दोन या गतीने गोलसर, बेताच्या उंचीच्या लहरी सुरू होतात आणि बाळ तर निश्चल पडलेले असते. ही लय मेंदूची असेल, तर तो झटका आहे. पण ती आईच्या तळहाताची असू शकते, उचकीची असू शकते, टाळूजवळच्या नाडीची असू शकते, श्वासयंत्राच्या नळीत साचलेल्या पाण्याचीही असू शकते. झटक्याला आरंभ, विस्तार आणि अंत असतो, त्याची गती व उंची बदलत जाते, तो शेजारच्या लीडकडे सरकतो. थोपटणे मात्र जसे सुरू होते तसेच संपते, हा भेद या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अडचण अशी की नवजात मेंदू हा नियम नेहमी पाळत नाही. त्याचा झटका कित्येकदा एकाच जागी खिळून राहतो, आणि आरंभापासून अंतापर्यंत एकाच चालीने, फारशी उंची न गाठता चालतो. उलट बाळाचा डोळा लागत आला म्हणजे आईचा हात आपोआप मंद आणि हलका होत जातो, म्हणजे तिच्या लयीलाही गती, उतार आणि अंत प्राप्त होतो. झटका मानायला लय निदान दहा सेकंद टिकावी असा संकेत आहे. पण दहा हा आकडा माणसांनी सोयीसाठी ठरविलेला आहे, मेंदूने दिलेला नव्हे, आणि आठव्या सेकंदाला विझलेल्या लयीपुढे मी आजही तितकाच अस्वस्थ होतो.

या संभ्रमातून मला पूर्वी कोण सोडवीत असे, याचा उलगडा बोटे गेल्यावर झाला. घरून आणलेल्या बाळाची टाळू तेलाने भरलेली असते. ते तेल कापसाने तीन-तीनदा पुसावे लागते, आणि ते पुसले जात असताना आजीच्या चेहऱ्यावर उमटणारी नाराजी सोसावी लागते. कपाळावरची काजळाची तीट नेमकी पुढच्या लीडच्या जागी आलेली असते. ती पुसण्यापूर्वी मी नेहमी परवानगी मागत असे, आणि काम संपल्यावर पुन्हा लावायला सांगत असे. त्या पुसण्यात, चाचपण्यात, पेस्ट बसविण्यात बोटांना पुष्कळ काही कळून चुकलेले असे: या बाजूला प्रसूतीत आलेली सूज आहे, या ठिकाणी पेस्ट अजून निसटते आहे, ही लीड बाळाने मान वळवताच उशीला टेकणार आहे. इम्पीडन्स, म्हणजे लीड आणि त्वचा यांमधला विद्युत अडथळा, पाच किलोओहमच्या खाली आल्याचे यंत्र दाखविते. पण त्या आकड्याखाली त्वचा आहे की पाणी साचलेली सूज, हे यंत्र सांगत नाही. आणि सूज असेल तर त्या बाजूच्या लहरी खुज्या दिसतात, इतक्या की मेंदूच्या मधल्या रोहिणीत अडथळा येऊन बाळाला पक्षाघात झाला की काय अशी शंका यावी. नवजाताच्या पक्षाघाताचे पहिले लक्षण बहुधा झटका हेच असते. एरवी धडधाकट दिसणारे मूल जन्मानंतरच्या एक-दोन दिवसांत एकच हात ठराविक तालात झटकू लागते. तेव्हा एका बाजूचा खुजेपणा खरा की खोटा, याची शहानिशा केवळ डोळ्याने होत नाही.

माझा हा प्रश्न या शास्त्राइतकाच जुना आहे. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी 1924 साली मानवी मेंदूचा पहिला आलेख मिळविला, आणि तो प्रसिद्ध केला 1929 साली. मधली वर्षे बव्हंशी एकाच चिंतेत गेली: या लहरी खरोखर मेंदूच्याच आहेत, की हृदयाच्या, रक्तवाहिन्यांच्या, त्वचेच्या? त्यानंतरही जग साशंक राहिले, आणि केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी 1934 साली तोच प्रयोग करून पुष्टी दिली तेव्हा कोठे बर्गर यांच्या लहरींना मान्यता मिळाली. लहर सापडल्याच्या आनंदापेक्षा ती कोणाची याची खातरजमा ज्याला अधिक मोलाची वाटली, तो मनुष्य मला या विद्येचा खरा मूळपुरुष वाटतो.

औषध दिल्यानंतर तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. किलोमागे वीस मिलिग्रॅम फिनोबार्बिटोन शिरेतून गेले, झटकणारा हात स्थिरावला, की वॉर्डातील प्रत्येकाचा जीव भांड्यात पडतो; आणि नेमक्या त्याच वेळी आलेखावर तीच लय पूर्ववत चालू राहिलेली पुष्कळदा दिसते. हालचाल आणि लहर यांची अशी फारकत नवजातांमध्ये नित्याची आहे. ज्या रसायनाच्या बळावर हे औषध प्रौढ मेंदूला आवर घालते, तेच रसायन अपक्व चेतापेशींत, त्यांच्यातील क्लोराइडचे प्रमाण अधिक असल्यामुळे, कधी कधी उलट उत्तेजन देते, असे याचे एक स्पष्टीकरण आहे. फिनोबार्बिटोन व फेनिटोइन यांची तुलना करणारा 1999 सालचा प्रसिद्ध अभ्यास आलेखाच्या कसोटीवर झाला, आणि दोहोंपैकी कोणतेही एक औषध निम्म्या बाळांचेही झटके थांबवू शकले नाही. याउलट, पाय सायकलीसारखे फिरविणाऱ्या किंवा हातात हात धरताच थांबणाऱ्या कापऱ्याच्या बाळाच्या आलेखावर पुष्कळदा काहीच नसते, आणि त्याला औषध मात्र मिळत राहते. प्रौढांच्या आलेखात मला एवढी धास्ती कधी वाटली नाही. पक्षाघातात मेंदूच्या इजा झालेल्या बाजूला मंदावलेल्या लहरी किंवा ठराविक अंतराने येणारी टोके, मिडाझोलामने आणलेली द्रुत लहरींची दाटी, ही सारी चिन्हे ओळखीच्या माणसांसारखी भेटतात. नवजाताच्या बाबतीत मात्र आईच्या शेवटच्या पाळीची तारीख कळल्यावाचून आलेख खंडित दिसतो तो वयाने की आजाराने, हेही सांगता येत नाही. तिसाव्या आठवड्याच्या बाळाला जे शोभते, तेच पूर्ण दिवसांच्या बाळात भयसूचक ठरते.

अलीकडे दोन-चार लीड लावून, संकुचित आलेख सुरू करून, निघून जाण्याचा शिरस्ता पडला आहे. त्या आलेखात एक तास सहा सेंटिमीटरांत मावतो, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या झटक्याच्या वाट्याला अर्धा मिलिमीटर येतो. रात्रभर पहारा ठेवायला तो उपयोगी आहे, आणि जेथे तंत्रज्ञच नाही तेथे तो वरदान आहे, हे मी मान्य करतो; पण त्याला पूर्ण आलेखाची जागा देणारांशी माझे कधीच पटणार नाही. कागदाच्या काळात आम्ही धावत्या लेखण्यांच्या बाजूला पेन्सिलीने लिहीत असू: आई थोपटते, उचकी, सिस्टरने कूस बदलली, दूध. आता चित्रीकरण आहे, म्हणून टिपणांची गरज नाही असे सांगतात. कॅमेऱ्याला दुपटे दिसते. दुपट्याखालचा आईचा हात दिसत नाही. टिपणांवाचूनचा आलेख हा साक्षीदारांच्या सह्यांवाचूनचा दस्तऐवज होय.

हे सारे मी तळमळीने लिहीत असलो, तरी त्यात माझा अहंकार मिसळलेला आहे, हे मी लपविणार नाही. आलेख पाहताच डॉक्टरांनी "लीड कोणी लावल्या?" असे विचारावे आणि माझे नाव निघावे, यासाठी मी आयुष्यभर आसुसलेला राहिलो. परवा एका बाळाच्या आलेखावर डाव्या बाजूला तशीच लय सुरू झाली. आई थोपटीत होती. मी पडद्यावर टक लावून निर्णयाची जुळवाजुळव करीत होतो, तोच माझी विद्यार्थिनी उठली, "ताई, जरा थांबता का?" म्हणून तिने आईचा हात आपल्या हातात घेतला, आणि नजर बाळावर ठेवून मला म्हणाली, "सर, आता बघा." लय थांबली नाही. ती तशीच चालत राहिली, शेजारच्या लीडवर गेली आणि तेथे विझली. विद्यार्थिनीने वेळ टिपली, डॉक्टरांना कळविले, औषधाचा दुसरा डोस गेला. अशा प्रसंगी गुरूला कृतार्थ वाटावे. मला प्रथम वाटला तो मत्सर. तिने ज्या सहजतेने हात पुढे केला, ती सहजता एके काळी माझी होती, आणि ती आपली म्हणून कोणी ओळखावी अशी इच्छा त्याही क्षणी माझ्या मनात होती.

लीड लावणाराने आलेख संपेपर्यंत बाळापाशी बसावे, लावणे आणि वाचणे ही कामे दोन माणसांत वाटू नयेत, अशी लेखी मागणी मी आमच्या विभागाकडे केली आहे. ती मान्य झाली, तर त्या व्यवस्थेत मला स्वतःला जागा उरणार नाही, कारण लावणारे बोट आता माझ्यापाशी नाही. तरीही मागणी परत घेण्याचा माझा विचार नाही. मात्र तो कागद लिहिताना खाली सही करण्यापूर्वी, ही पद्धत या विभागात कोणी सुरू केली याचा उल्लेख मी त्यात एका वाक्याने केलाच.