ठवणीवरचं पुस्तक

आमच्या उरवड्याच्या घरात पुस्तकं मोजकीच, मतं मात्र उदंड. माणसानं जन्मात एकच पुस्तक वाचायचं ठरवलं तर ते कोणतं, हा वाद आम्ही चुलत, आत्ते भावंडं अजूनही घालतो. खरं तर तो आमचा नाहीच. आमच्या आधीच्या पिढीनं तो ओसरीवर मांडला आणि न मिटवता आमच्या गळ्यात घातला.

त्या ओसरीवर वाचनाचा हंगाम ठरलेला होता. आषाढात आवणी उरकली, खाचरं तुडुंब भरली, की श्रावणात पोथी लागायची. इरली भिंतीला टेकलेली, चुलीपुढं ओली घोंगडी वाळत घातलेली आणि बाहेर मुळशीचा पाऊस. वीज आली होती, पण पावसात तिचा भरवसा कुणी धरत नसे. कंदिलाची काच दुपारीच राखेनं पुसून ठेवलेली असायची. लाकडी ठवणीवर लाल फडक्यातून सोडलेली पोथी, वाचायला नाना, म्हणजे माझे काका, आणि अर्थ सांगायला आबा, म्हणजे आजोबा. श्रीधरांचा ‘हरिविजय’ छत्तीस अध्यायांचा, ‘पांडवप्रताप’ चौसष्टांचा. कोणता धरायचा, हे त्या वर्षी आवणी लवकर आटोपली की उशिरा, यावर ठरायचं.

मोठी आई, म्हणजे आमची आजी, निरक्षर. पण नानांना कंपनीतून येऊन डुलकी लागत असली आणि त्यांनी घाईत पान उलटलं, की वाती वळता वळता ती म्हणायची, “मधली एक गाळलीस रं.” नाना मुकाट मागं जायचे. ती ओवी तिथं असायचीच. तिचं मत अर्थातच हरिविजयाला. वाचता न येणाऱ्या माणसाला ‘वाचायचं पुस्तक’ कोणतं, असं विचारायचं धाडस आम्ही पोरांनीच केलं होतं. ती म्हणाली, “मला येतंय म्हणून तर सांगते.”

आबांचं मत गाथेला. मुंबई सरकारनं 1950 साली छापलेली तुकोबांची गाथा त्यांनी पुण्याहून आणली होती. साडेचार हजारांवर अभंग, पण आबांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी वाचली असेल असं वाटत नाही. “तिला सुरुवात न्हाई, शेवट न्हाई. जिथं उघडशील तिथं आपल्याच मनातलं सापडतंय,” हा त्यांचा युक्तिवाद. शेतकऱ्याला सवड तुकड्यातुकड्यानं मिळते, म्हणून पुस्तकही तसंच हवं, असं त्यांचं म्हणणं.

आत्या माहेरी आली की ‘श्यामची आई’चा झेंडा फडकवायची. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अवघ्या पाच दिवसांत, हे ती असं सांगायची की जणू शेजारच्या कोठडीत तीच होती. तिनं वाचायला घेतलं की घरातली निम्मी माणसं पदरानं डोळे पुसायची. काकी मात्र कोरड्या डोळ्यांनी तांदूळ निवडत बसायची. एकदा ती म्हणाली, “वन्सं, एवढं सोसायचं ते आईनंच का? श्यामच्या वडलांचं पुस्तक का न्हाई कुणी लिहीत?” त्या दिवशी आत्यानं पुस्तक मिटलं ते मिटलंच. काकीचं स्वतःचं पुस्तक होतं ‘रुचिरा’. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक 1970 साली आलं आणि त्या दशकातल्या कितीतरी नववधूंच्या पेटीत रुखवतासोबत गेलं. “वाटी-चमच्याच्या मापात सांगितलंय. पोथी वाचून कुणाचं पोट भरलंय?” असं ती मोठ्या आईला ऐकू जाणार नाही इतपत आवाजात म्हणायची. हळदीचे डाग पडलेलं घरातलं ते एकमेव पुस्तक. वापराच्या मापानं मत मोजायचं झालं, तर काकीच जिंकली असती.

नाना पोथी वाचायचे, पण जीव ‘मृत्युंजय’वर. 1967 साली आलेल्या शिवाजी सावंतांच्या त्या कादंबरीनं त्यांच्या वयाची सगळी पोरं झपाटली होती. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानं तीच गोष्ट सांगतात. कंपनीच्या लायब्ररीत तिच्यासाठी नंबर लावावा लागे. जाता-येता एस.टी.त वाचून त्यांनी ती पुरी केली आणि मग महिनाभर ते सुपरवायझरशीही कर्णासारखं बोलत होते, अशी काकीची तक्रार.

माझ्या वडलांना, दादांना, कथा-कादंबरीचं कौतुक नव्हतं. त्यांचं म्हणणं, मुळशीतल्या माणसानं आधी मुळशीचं वाचावं. टाटांच्या वीजधरणासाठी मावळ्यांची भाताची जमीन पाण्याखाली जाणार म्हणून 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच, वीज मुंबईला गेली. आमचं गाव त्या पाण्याच्या अलीकडं, म्हणून वाचलं. पण दादा ती हकिगत घरची असल्यासारखी सांगायचे. पुढं राजेंद्र व्होरांचं त्या सत्याग्रहावरचं पुस्तक आलं, तेव्हा त्यांनी पेन्सिलीनं खुणा करत ते वाचलं. चष्मा काढून “आपली बाजू कुणीतरी लिहिली” एवढंच म्हणाले.

इतकी मतं झाल्यावर ठवणीवर एक नवं पुस्तक आलं. धाकटे काका पुण्याला कॉलेजात होते. 1980च्या आसपासचा तो श्रावण, पोथीची समाप्ती झालेली, ठवणी रिकामी. काकांनी पिशवीतून एक पुस्तक काढून तिच्यावर ठेवलं.

“पोथीच्या जागी काय ते?” आबांनी विचारलं.

“बलुतं.”

“बलुत्यावर पुस्तक? त्यात लिव्हायचं काय? खळ्यावर माप द्यायचं अन् मोकळं व्हायचं. वाच बरं.”

आबांना वाटलं, हा तर आपला विषय. सुगीच्या खळ्यावर बलुतेदारांचा वाटा त्यांनी स्वतः मापून दिला होता. दया पवारांचं हे आत्मकथन ‘ग्रंथाली’नं 1978 साली काढलं होतं. अकोले तालुक्यातलं धामणगाव आणि मुंबईतला कावाखाना, या दोन ठिकाणचं महारवाड्यातलं जगणं त्यात आहे. दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे माणूस स्वतःलाच सांगतो, आणि स्वतःलाही सोडत नाही. काका वाचत गेले. खळं तेच होतं, पण या वेळी ते धान्य मागणाऱ्याच्या बाजूनं दिसत होतं. आबा आधी मधून मधून “हां, असंच असतंय” म्हणत होते. मग ते म्हणायचे थांबले.

गावात पाणी कसं मिळायचं, ते काका वाचत होते, तेव्हा मोठी आई बोलली. कुणी तिला काही विचारलं नव्हतं.

“आपल्या पडवीतबी तांब्या वरनंच धरायचे मी. वंजळ खाली. ती बाई पानी पिऊन वर बघायची. म्या बघत नव्हते.”

आबा उठले. “आज पुरं,” म्हणाले. आम्हाला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तेच ठवणीपुढं येऊन बसले. “कालचं ऱ्हायलंय.” सगळ्यांना ते आवडलं असं मुळीच नाही. नाना म्हणाले, पोरांसमोर असली भाषा नको. म्हणून आम्हाला झोपायला धाडलं जायचं आणि आम्ही घोंगडीखालून ऐकायचो. पुस्तक शेवटापर्यंत गेलं. आबांनी त्यावर मत दिलं नाही, अर्थही सांगितला नाही. ठवणीवरच्या एखाद्या पुस्तकाचा अर्थ त्यांनी सांगितला नाही, असं ते एकच.

आज मागं वळून पाहताना त्या पिढीच्या निवडींत मला एक धागा दिसतो. आबांना गाथेत स्वतःचं मन सापडलं, आत्याला श्यामच्या आईत स्वतःची आई, नानांना कर्णात आपल्यावरचा अन्याय, दादांना सत्याग्रहात आपली बाजू. काकीला तर आपली वाटीच सापडली. पुस्तकं सगळी चांगली, पण प्रत्येकानं ज्यात आपण दिसतो तेच पुस्तक उचललं. बलुत्यातही आमचं घर दिसलं, पण समोरून पाहणाऱ्याला दिसतं तसं.

दादांच्या हकिगतीचंही मला पुढं नवल वाटू लागलं. आमच्याकडचा रस्ता पौडवरून ताम्हिणी उतरतो, माणगावला लागतो आणि तिथून महाड. मुळशीचा सत्याग्रह 1921चा, महाडच्या चवदार तळ्याचा 20 मार्च 1927चा. एकाच वाटेवर, एकाच दशकात दोन सत्याग्रह झाले. एक जमिनीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आमच्या ओसरीवर पहिला पाठ होता. दुसरा काकांच्या पुस्तकाआधी कुणी उच्चारलाही नव्हता.

म्हणून आमच्या वादात माझं मत ‘बलुतं’ला. त्यावर आत्याची लेक बिनतोड विचारते, “सगळ्यांनी एकच वाचायचं म्हणतोस, मग ज्यांनी ते भोगलं त्यांनीही हेच वाचायचं का?” नाही. त्यांनी काय वाचावं, हे मी सांगणं शोभणार नाही. मी सांगतो ती फक्त निवडायची रीत: ज्या पुस्तकात आपलं घर देणाऱ्याच्या, वरून तांब्या धरणाऱ्याच्या जागी आहे, ते आयुष्यात एकदा तरी शेवटपर्यंत वाचावं. प्रत्येक घराला असं एखादं पुस्तक असतंच, आणि ते आपणहून हाती लागत नाही.

आणि ही रीत जुन्या काळापुरती नाही. आता खाचरांच्या जागी कंपन्यांच्या शेड आल्या आहेत, गावोगावी भाड्याच्या खोल्या उठल्या आहेत, आणि लांबून आलेली माणसं त्यांत राहतात. 7 जून 2021 ला उरवड्यातल्या एका कंपनीला आग लागली. त्यात गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. त्यांच्यापैकी एखादीच्या घरातलं कुणी उद्या लिहील, मराठीत नाहीतर हिंदीत. त्यात पगार असेल, पाणी असेल, खोलीचं भाडं घ्यायला येणारा मालकही असेल. तो आमच्याच घरातला निघाला, तरी ते पुस्तक विकत घेऊन मोठ्यानं वाचावं, आणि या वेळी पोरांना झोपायला धाडू नये.