हिंजवडीस एक पंधरवडा

पुणे शहर मागे टाकून, वाकडचा पूल ओलांडून पश्चिमेस गेले म्हणजे मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव लागते. ग्रामदैवत श्रीम्हातोबा. चैत्री पौर्णिमेस त्याच्या बगाडाची यात्रा भरते व पंचक्रोशी तिला लोटते. आमच्या तरुणपणी ह्या गावची ख्याती एवढीच होती. गेल्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने येथील व शेजारच्या माण गावच्या जमिनी घेऊन राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविले, आणि जेथे पिके डोलत तेथे काचेचे वाडे उभे राहिले.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचे एखादे मूल तेथे असेलच. आमचेही आहे. धाकट्या बंधूंचा मुलगा पौषात तेथे कंत्राटी नोकरीस लागला, आणि फाल्गुन सरता सरता त्याने घरी कळविले की, 'हे काम माझ्याने होत नाही, मी सोडतो.' घरात साहजिकच मोठी खळबळ उडाली. मातुःश्रींनी आम्हांस आज्ञा केली, "तू मास्तर आहेस, जाऊन पोराला नीट विचार." तेव्हा चैत्रात आम्ही त्याच्या बिऱ्हाडी पंधरा दिवस राहून आलो.

बिऱ्हाड म्हणजे दोन खोल्यांत चौघे तरुण, एक शेगडी आणि खानावळीचा डबा. तेथील पत्ते आळीवरून सांगत नाहीत. पहिली फेज, दुसरी फेज, तिसरी फेज असे सांगतात. सकाळच्या वेळी रस्त्यावर वाहनांची जी दाटी होते तिचे वर्णन करण्यापेक्षा एवढेच सांगतो की, पायी निघालेला मनुष्य मोटारीच्या आधी पोहोचतो. आम्ही हे स्वतः करून पाहिले. माणपासून शिवाजीनगरपर्यंत सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली, ती ह्याच गर्दीवर उतारा म्हणून.

चिरंजीवांचा दिवस मात्र उलटा. त्यांचे गिऱ्हाईक विलायतेतले, म्हणून कचेरी विलायतेच्या घड्याळाने चाले. तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळे तासभर पुढे करतात, म्हणून चैत्रात त्याची पाळी दीड वाजता सुरू होई व रात्री साडेदहास सुटे.

आता काम काय, ते ऐका. पहिले तीन आठवडे कामच नव्हते! यंत्रात शिरण्याची परवानगी वरून यावयाची होती, ती येईपर्यंत नुसते बसून पुस्तिका वाचावयाच्या. परवानगी आल्यावर दर तासाला पडद्यावर पाहावयाचे की, ठरलेली कामे यंत्राने वेळेवर उरकली की नाहीत. उरकली असल्यास कोष्टकात तशी नोंद करावयाची. मध्येच कोणा साहेबाची तक्रार येई. तिला तेथे तिकीट म्हणतात. चारांपैकी तीन तिकिटे पासवर्ड विसरल्याची असत. "काका, ह्यासाठी चार वर्षे इंजिनियरिंग शिकलो का?" त्याने पहिल्याच रात्री विचारले. पुस्तकांत ज्या विद्येची एवढी थोरवी वर्णिली, तिचे टोक येथे विसरलेल्या पासवर्डाशी येऊन थांबावे, ह्याचा त्याला मनापासून विषाद वाटत होता.

ह्या प्रश्नावर आमच्यापाशी उत्तर होते, आणि ते आम्ही दिले. आपल्याकडील हा धंदा ज्या कामाने नावारूपास आला ते काम ह्याहून नीरस होते. संगणकाच्या आरंभीच्या काळात माहिती छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर भरीत. एका पत्त्यावर ८० घरे. जागा वाचावी म्हणून साल चार अंकांऐवजी दोनच अंकांत लिहिण्याची रीत पडली. १९६५ म्हणजे ६५. शतक संपत आले तेव्हा धनको सावकारांच्या ध्यानात आले की, २००० साल उजाडताच यंत्रास ०० दिसेल व ते त्यास १९०० समजेल! मग लक्षावधी ओळी एकेक करून वाचावयाच्या, त्यांत तारीख कोठे दडली आहे ते हुडकावयाचे आणि दुरुस्त करून पुन्हा तपासावयाचे, हे काम निघाले. आपल्याकडील हजारो मुलांनी ते केले. १ जानेवारी २००० रोजी फारसे काही बिघडले नाही, म्हणून पुष्कळांनी तो सारा बाऊच होता असे म्हटले. बिघडले नाही ते कोणी तरी ओळी वाचल्या म्हणून, हे कोण लक्षात घेतो?

आमच्या पंचांगकर्त्यांस ही अडचण जुनीच ठाऊक होती. प्रभवादी संवत्सरे साठ. साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येते. नुसते संवत्सर लिहिलेला कागद आजोबांचा की नातवाचा, हे कसे कळावे? म्हणून संवत्सराच्या जोडीस शकाचा आकडा घालण्याची रीत. हे ऐकून मुलगा हसला, आणि फाल्गुनानंतर प्रथमच हसला असे त्याचा सोबती म्हणाला.

तथापि आमचे उत्तर पुरे पडले नाही. त्याने एक वही घातली होती. दर सोमवारी दुपारी एकाच कारखान्यातून पासवर्डाची तिकिटे येतात, हे त्याने तीत टिपले. कारण शोधले, कोणती दुरुस्ती करावी ह्याचा दोन पानी मजकूर लिहून वरिष्ठास दिला. दुरुस्ती झाली, सोमवारची तिकिटे थांबली. पण मजकूर वर गेला तो कायम नोकरीतल्या दुसऱ्याच गृहस्थाच्या नावाने. कंत्राटी माणसाच्या गळ्यातील फीत निराळ्या रंगाची असते. पगार देणारा एक, बसावयास जागा देणारा दुसरा, काम ज्याचे तो सातासमुद्रांपलीकडचा तिसरा. करार सहा महिन्यांचा.

त्याच्याच पाळीत लातूरकडची एक मुलगी आहे. चार वर्षे अशाच फितीवर काढली आहेत. एके दुपारी आम्ही खाली चहाच्या टपरीवर बसलो असता ती म्हणाली, "कंटाळ्याचं काही नसतं हो काका, तो अंगवळणी पडतो. आपण नक्की कुणाचे, तेवढं मात्र कळत नाही."

आम्ही तीस वर्षे मुलांकडून रामः रामौ रामाः घोकून घेतले. नीरसतेविषयी आम्हांस कोणी शिकवू नये. परंतु दर महिन्यास आमचे नाव शाळेच्या हजेरीपटावर असे, मुले रस्त्यात वाकून नमस्कार करीत. ह्या मुलांना तेवढाही आधार नाही, आणि घरची वडील मंडळी त्यांना चिकाटीचा उपदेश करतात. आम्हीही तोच करावयास गेलो होतो. तो अर्धाच करून थांबलो. मातुःश्रींस मात्र सर्व हकीकत सांगितली, व त्याला धीर धर म्हणण्याऐवजी वहीत काय लिहिलेस ते विचारीत जा, अशी बंधूंस विनंती केली.

निघावयाच्या दिवशी तो बारा वाजता बसथांब्यापर्यंत आला. पाळीस दीड तास अवकाश होता. नवी वही पिशवीत दिसत होती. जुनी, तो म्हणाला, भरली. ह्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःचे नाव व तारीख घातली होती, साल चार अंकी. बस आली तेव्हा पिशवी वर देत म्हणाला, "आजीला सांगा, करार आषाढात संपतो. तोवर आहे. पुढचं तेव्हा बघू."